एकेक लूप शांत, दोन्ही ऑटोला टाकले की हंटिंग: जोडलेल्या लिनिअर सिस्टीमची स्टॅबिलिटी कशी तपासायची

चिकोडी, रायबाग, संकेश्वर, निपाणी ह्या पट्ट्यात ऊस गाळप सुरू झालं की इन्स्ट्रुमेंटच्या पोरांच्या वाट्याला एक तक्रार हमखास येते. इव्हॅपोरेटरच्या (रस आटवायच्या भांड्यांच्या) पहिल्या बॉडीची लेव्हल ऑटोला टाकली, मस्त चालते. तिला मॅन्युअलला घेऊन दुसरी ऑटोला टाकली, तीपण मस्त. दोन्ही ऑटोला टाकल्या की थोड्या वेळात दोन्ही वर-खाली व्हायला लागतात (हेच हंटिंग), ऑपरेटर वैतागतो आणि एक लूप (मापन बघून व्हॉल्व्ह हलवणारा कंट्रोल) सीझनभर मॅन्युअललाच पडून राहतो. बेळगावात उद्यमबाग, मच्छेकडे हायड्रॉलिकवाल्यांना विचारा, प्रेशर आणि फ्लोच्या बाबतीत हेच सांगतील.

कॉलेजात आपण स्टॅबिलिटी शिकतो ती एका लूपची. रूथचा तक्ता, रूट लोकस, बोडे, नायक्विस्ट, पेपरात एक इनपुट एक आउटपुट, झालं. कामावर गेल्यावर मात्र एकटा लूप कुठं बघायलाच मिळत नाही, सगळं एकमेकांत अडकलेलं. हा लेख त्या मधल्या जागेसाठी आहे, म्हणजे व्हीटीयूला (विश्वेश्वरय्या टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी) शिकणारी पोरं, नाहीतर डिप्लोमा करून कारखान्यात लागलेली, ज्यांना दोन बाय दोनचा मॅट्रिक्स, डिटरमिनंट आणि आयगेन व्हॅल्यू एवढं येतंय. तेवढं पुरतं. संगणकावर करायचं तर ऑक्टेव्ह किंवा पायथन दोन्ही फुकट आहेत, पैसे घालवायची गरज नाही.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. प्रत्येक भाग स्टेबल आहे एवढ्यावरून जोडलेली सिस्टीम स्टेबल आहे असं म्हणता येत नाही. उलट पण तसंच, अनस्टेबल भागाला नीट जोडून स्टेबल करता येतं, नाहीतर कंट्रोलर कशाला लावला असता. प्रत्येक भाग म्हणजे कागदावरचा एक डबा, आणि कुणाचा परिणाम कुणावर होतो तो बाण. म्हणून डब्यांकडे कमी आणि डब्यांमधल्या बाणांकडे जास्त बघायचं.

पायरी १: बाण काढा, आणि चोरटे बाण पण काढा

मल्टिपल इफेक्ट इव्हॅपोरेटर घेऊ, आपल्या भागातल्या वाचकाला तो बघायला लांब जावं लागत नाही. पातळ रस पहिल्या बॉडीत येतो, तिथून दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या बॉडीत, शेवटची व्हॅक्यूमवर. रस पुढं सरकतो तो मुख्यतः दोन बॉड्यांमधल्या प्रेशरच्या फरकामुळं. पीअँडआयडी ड्रॉइंगवर (पाइप आणि इन्स्ट्रुमेंटचा नकाशा) हा रसाचा बाण ठळक दिसतो आणि सगळे तेवढाच धरतात.

पण पहिल्या बॉडीत उकळून निघालेली वाफ दुसऱ्या बॉडीच्या कॅलेंड्रियात (तापवणाऱ्या नळ्यांच्या भागात) जाऊन तिला तापवते की. म्हणजे दुसऱ्या बॉडीनं वाफ जास्त ओढली की पहिलीतलं प्रेशर पडतं, प्रेशर पडलं की रस पुढं ढकलायचा जोर कमी होतो, आणि परत दुसरीची लेव्हल बदलते. हा मागं येणारा बाण ड्रॉइंगवर कंट्रोलची लाइन म्हणून नसतोच, तरी सिस्टीममध्ये आहे. रस हीटरला वाफ ब्लीड केली असेल तर अजून एक बाण. कॉमन एअर हेडर, कॉमन पंप, कॉमन व्हॅक्यूम लाइन, सगळे असेच चोरटे बाण, आणि बहुतेक भांडणं ह्यांच्यामुळंच होतात. ऑपरेटरला विचारा, "हा व्हॉल्व्ह उघडल्यावर अजून काय काय हलतंय?" त्याला मॅट्रिक्स येत नसेल पण बाण सगळे पाठ असतात.

प्रत्येक डब्याला इनपुट काय, आउटपुट काय आणि आत साठतंय काय (लेव्हल, प्रेशर, तापमान) हे लिहा. जे साठतं तेच स्टेट. आकडे पूर्ण किमतीचे घ्यायचे नाहीत, नेहमीच्या चालण्याच्या बिंदूपासून किती वर-खाली एवढंच घ्यायचं, कारण लिनिअर मॉडेल त्या बिंदूच्या आसपासच खरं असतं. क्रशिंग (गाळप) निम्म्यावर आलं की तो बिंदू बदलला आणि मॉडेल पण बदललं, हे विसरून लोक जुनेच आकडे सीझनभर वापरतात.

पायरी २: एकेक डबा वेगळा काढून बघा

हे पटकन होतं. बाकी सगळे बाण तोडले असं धरून डब्याचा स्वतःचा मॅट्रिक्स घ्या, आयगेन व्हॅल्यू काढा. सगळ्यांचा रिअल भाग ऋण असेल तर डबा स्टेबल. टाकी बिनाकंट्रोलरची असेल तर एक आयगेन व्हॅल्यू शून्यावर येईल, ते चालतंय, पण लिहून ठेवा, पुढं लागणार आहे.

पायरी ३: लूप कुठं आहे ते शोधा

ह्या पायरीत निम्मं काम वाचतं आणि शिकवताना हीच घाईत उरकतात. डबे नुसते एकापुढं एक जोडले असतील, मागं काहीच येत नसेल, तर मोठा मॅट्रिक्स ब्लॉक त्रिकोणी होतो आणि त्याच्या आयगेन व्हॅल्यू म्हणजे फक्त प्रत्येक डब्याच्या आयगेन व्हॅल्यू एकत्र. डबे स्टेबल तर साखळी स्टेबल, विषय संपला. समांतर जोडणीला पण तेच. प्रश्न येतो तो फक्त बाणांवरनं चालत चालत परत त्याच डब्यात येता आलं तर.

म्हणून कागदावर बोट ठेवून फिरा. ज्या डब्यांमधून एकमेकांकडं जाऊन परत येता येतं त्यांचा एक गट करा. वीस डब्यांची सिस्टीम असली तरी बऱ्याचदा तीन-चार डब्यांचे दोन गट निघतात आणि बाकी सगळं साधी साखळी. स्टॅबिलिटी गटागटानं तपासायची, वीस बाय वीसचा मॅट्रिक्स डोक्यावर घ्यायची गरज नाही.

पायरी ४: जोडणी मुळात शक्य आहे का

छोटीशी पण चुकवू नका. दोन डबे असे असले की इनपुट बदलल्या क्षणी आउटपुट बदलतं (स्टेट स्पेसमधला डी शून्य नाही) आणि ते एकमेकांना जोडले, तर मध्ये वेळ न जाता सिग्नल गोल फिरतो. सिम्युलेशनमध्ये अल्जेब्राइक लूप म्हणून जी वॉर्निंग येते ती हीच. ऋण फीडबॅकमध्ये अट एवढीच की एक अधिक डी१ गुणिले डी२ शून्य व्हायला नको. मॅट्रिक्स असतील तर आयडेंटिटी अधिक त्यांचा गुणाकार उलटवता आला पाहिजे. एकाचा डी १ आणि दुसऱ्याचा उणे १ असेल तर गणिताला उत्तरच नाही, मग तिथं स्टॅबिलिटी विचारण्यात अर्थ नाही. बरेच जण वॉर्निंग घालवायला मध्ये एक डिले ब्लॉक टाकून मोकळे होतात. तसं करू नका, तो डिले प्लांटमध्ये खरोखर नसेल तर तुम्ही दुसऱ्याच सिस्टीमची स्टॅबिलिटी तपासताय.

पायरी ५: मोठा मॅट्रिक्स बांधा

सगळ्या डब्यांचे ए मॅट्रिक्स (डब्याचा स्वतःचा) तिरप्या रेषेवर एकाखाली एक मांडा, बी (इनपुट स्टेटवर कसं येतं) आणि सी (स्टेटमधून आउटपुट कसं निघतं) पण तसेच. मग कुणाचं आउटपुट कुणाच्या इनपुटला किती प्रमाणात जातंय ह्याचा तक्ता म्हणजे जोडणीचा मॅट्रिक्स, त्याला के म्हणू. डी शून्य असेल तर जोडलेल्या सिस्टीमचा मॅट्रिक्स म्हणजे:

ए + बी × के × सी

ह्याच्या सगळ्या आयगेन व्हॅल्यू डाव्या अर्ध्यात (रिअल भाग ऋण) पाहिजेत. अट एवढीच, आणि ही पुरेशी पण आहे आणि आवश्यक पण. पुढच्या पायऱ्या आहेत त्या ही अट लावता येत नाही तेव्हासाठी, किंवा ही पास होऊनसुद्धा जे राहून जातं त्यासाठी.

हातानं करून बघू. दोन लेव्हल, दोन्हींना नुसता प्रपोर्शनल कंट्रोलर, सुट्या असताना एकीचा गुणक उणे १ आणि दुसरीचा उणे २ (दर मिनिटाला). पहिलीचा कंट्रोलर आत येणारा व्हॉल्व्ह हलवतो, दुसरीचा कंट्रोलर मधला व्हॉल्व्ह. आधी फक्त रसाचा बाण धरा. पहिलीची लेव्हल वाढली की मधून जाणारा रस ब पटीनं वाढतो असं समजा. मग मॅट्रिक्सच्या ओळी अशा:

पहिली: −(१ + ब), २
दुसरी: ब, −२

डिटरमिनंट काढा: २(१ + ब) − २ब = २. ब कितीही मोठा असूदे, डिटरमिनंट २ च. ट्रेस (तिरप्या रेषेवरची बेरीज) −(३ + ब), कायम ऋण. दोन बाय दोनला डिटरमिनंट धन आणि ट्रेस ऋण असला की दोन्ही आयगेन व्हॅल्यू डावीकडं. म्हणजे नुसत्या रसाच्या जोडणीनं ही जोडी कधीच अनस्टेबल होणार नाही. कारण साधं आहे, पहिलीतून गेलेला रस दुसरीतच येतो, मध्ये नवीन काही तयार होत नाही. टाक्यांच्या साखळीत हे नेहमी लक्षात ठेवा, वस्तुमान आपल्याला सांभाळून घेतं.

आता वाफेचा बाण घाला. तिथं एकीकडून वजा झालेलं तेवढंच दुसरीकडं लेव्हलमध्ये जमा होतं असं बंधन नाही, गुणक कुठलाही येऊ शकतो. म्हणून मोकळे अ आणि ब धरू, आकडे समजण्यापुरते आहेत, कुठल्या कारखान्याचे नाहीत:

पहिली: −१, अ
दुसरी: ब, −२

ट्रेस −३, डिटरमिनंट २ − अब. तर अट निघाली, अ गुणिले ब हे २ पेक्षा कमी पाहिजे. अ = १, ब = १ घेतलं तर स्टेबल. दोन्ही २ घेतले तर आयगेन व्हॅल्यूचं समीकरण एस² + ३एस − २ = ०, मुळं ०.५६ आणि −३.५६, एक उजवीकडं गेलं, लेव्हल हळूहळू पळत सुटणार. आता फक्त एकाचं चिन्ह बदला, अ = २ आणि ब = −२. डिटरमिनंट ६, मुळं −१.५ आणि काल्पनिक भाग अधिक-उणे १.९४. स्टेबल, थोडी झुलत येईल पण येईल. जोडणीची ताकद तीच, नुसतं चिन्ह वेगळं आणि निकाल उलटा. म्हणून बाण काढताना त्यावर अधिक-उणे लिहायला कंटाळू नका.

पायरी ६: तीन डबे झाले की ऋण फीडबॅकवर पण भरवसा नाही

वरच्या दोनांच्या उदाहरणात ऋण लूप कितीही जोरात केला तरी अनस्टेबल होत नाही, त्यामुळं पोरांना वाटतं ऋण म्हणजे सेफ. तीन सारखे डबे घ्या, प्रत्येकाचा टाइम कॉन्स्टंट १ मिनिट, एका ओळीत लावून शेवटच्याचं आउटपुट ऋण करून पहिल्याला द्या, एकूण गेन (सिग्नल किती पट होतो) के, हा के म्हणजे वरचा जोडणीचा मॅट्रिक्स नाही, नुसता आकडा. समीकरण येतं (एस + १)³ + के = ०, म्हणजे एस³ + ३एस² + ३एस + (१ + के). रूथची अट: ३ × ३ हे १ + के पेक्षा मोठं पाहिजे, म्हणजे के ८ पेक्षा कमी. के बरोबर ८ झाला की १.७३ रेडियन प्रति मिनिटानं, म्हणजे साधारण ३.६ मिनिटांच्या फेऱ्यानं सगळं झुलत राहतं. ट्रेंडवर (मापनाच्या चालू आलेखावर) हंटिंगचा फेरा मोजायची सवय लावा, तो कुठल्या डब्यांच्या टाइम कॉन्स्टंटशी जुळतोय त्यावरनं कुठला लूप भांडतोय ते अर्ध कळतं.

ह्या रूथची गोष्ट पण जोडणीचीच आहे. वाफेच्या इंजिनाचा वेग धरणारे गव्हर्नर स्वतः नीट पण इंजिनाला जोडले की झुलायचे, त्यावर मॅक्सवेलनं १८६८ मध्ये लिहिलं, तिसऱ्या डिग्रीपर्यंतची अट काढली आणि पुढचं गणितवाल्यांवर सोडलं. रूथनं १८७७ मध्ये ते सोडवलं, हुर्विट्झनं १८९५ मध्ये वेगळ्या वाटेनं. आणि जाता जाता, आपली युनिव्हर्सिटी ज्यांच्या नावानं आहे त्या विश्वेश्वरय्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे १९०३ मध्ये खडकवासल्याला बसले. एकाच तलावावर ओळीनं आपोआप चालणारे दरवाजे म्हणजे एकाच लेव्हलमधून एकमेकांना जोडलेली सिस्टीमच की. व्हायवाला सांगा, बाहेरून आलेले सर खूश होतील.

पायरी ७: कटाकटी करून लपवलेला डबा

आता ज्यावर मी सगळ्यात जास्त भर देणार ते. ट्रान्सफर फंक्शन (इनपुट ते आउटपुटचा एस मधला अपूर्णांक) घेऊन काम करताना वर-खाली सारखं दिसलं की कापायचा मोह होतो, शाळेपासूनची सवय. प्लांट घ्या १ भागिले (एस − १), अनस्टेबल. कंट्रोलर घ्या (एस − १) भागिले (एस + २). गुणाकार केला, एस − १ कापला, राहिलं १ भागिले (एस + २), फीडबॅक लावला तर सेटपॉइंटपासून आउटपुटपर्यंत १ भागिले (एस + ३). किती सुंदर. पेपरात मार्क पण मिळतील.

न कापता करा: (एस − १)(एस + २) + (एस − १) = (एस − १)(एस + ३). मूळ +१ तिथंच बसलंय. सेटपॉइंट बदलून ते दिसत नाही इतकंच, पण प्लांटच्या इनपुटला जरासा डिस्टर्बन्स आला (आणि येतोच) की त्यापासून आउटपुटपर्यंतचं फंक्शन (एस + २) भागिले (एस − १)(एस + ३), आउटपुट पळालं. हेच टाकीच्या १ भागिले एस ला वॉशआउट फिल्टरनं (वर एस असलेला फिल्टर) कापलं तर शून्यावरचं मूळ राहतं, स्फोट नाही होत पण लेव्हल भटकत राहते आणि कारण कुणाला सापडत नाही.

म्हणून नियम असा ठेवा, एकाच सिग्नलपासून एकाच आउटपुटपर्यंत बघून समाधान मानायचं नाही. प्रत्येक जोडाच्या ठिकाणी बाहेरून सिग्नल घुसवला असं धरायचं आणि प्रत्येक ठिकाणी तो बघायचा. एका प्लांट आणि एका कंट्रोलरच्या लूपला अशी चार फंक्शनं होतात, चारही स्टेबल पाहिजेत. स्टेट स्पेसनं पायरी ५ केली असेल तर हे आपोआप होतं, तिथं काही कापलं जात नाही, म्हणून मी नवीन लोकांना सरळ स्टेट स्पेसच करा म्हणतो. सॉफ्टवेअरमध्ये मिनरीअल नावाचा कमांड असतो, तो कटाकटी करतो, स्टॅबिलिटी तपासायच्या आधी त्याला हात लावू नका. आणि बंद लूप काढायला एल (प्लांट गुणिले कंट्रोलर) भागिले (१ + एल) असा भागाकार टाइप करू नका, त्यात पोल दुबार येतात आणि मग ते घालवायला परत तोच मिनरीअल मारला जातो. फीडबॅकचा तयार कमांड आहे, तो वापरा.

पायरी ८: मॉडेलवर भरवसा नसेल तेव्हा स्मॉल गेन

प्रत्यक्षात नेमका मॅट्रिक्स कुणाकडं असतो? टाइम कॉन्स्टंट अंदाजे, वाफेचा गुणक तर अंदाजाचाही अंदाज. अशा वेळी १९६६ मध्ये झेम्सनं नीट मांडलेली स्मॉल गेनची कल्पना कामाला येते. डबे आपापले स्टेबल असतील आणि लूपभर फिरून येताना सिग्नल जास्तीत जास्त किती पट मोठा होऊ शकतो तो गुणाकार १ पेक्षा कमी असेल, तर चिन्ह काहीही असो, फेज काहीही असो, जोडलेली सिस्टीम स्टेबल.

आपल्या अ-ब च्या उदाहरणात पहिल्या डब्याचा गेन अ भागिले १, दुसऱ्याचा ब भागिले २, चिन्ह सोडून. अ आणि ब दोन्ही १ असले की गुणाकार ०.५, पास. अ = २, ब = −२ ला गुणाकार २ येतो, नापास, पण आपण वर बघितलं की ती सिस्टीम स्टेबल आहे. म्हणजे ही अट पुरेशी आहे, आवश्यक नाही. स्मॉल गेन फेल म्हणजे सिस्टीम अनस्टेबल असं रिपोर्टमध्ये लिहू नका, नुसतं "ह्या टेस्टनं सांगता आलं नाही" एवढंच.

दोनपेक्षा जास्त डबे असतील तर गेनचा तक्ता करा, तिरप्या रेषेवर शून्य. समजा तीन डब्यांचा असा आला:

०, ०.५, ०.२
०.४, ०, ०.३
०.१, ०.६, ०

प्रत्येक ओळीची बेरीज ०.७. सगळ्या ओळींची बेरीज १ च्या खाली असली की ह्या तक्त्याची सगळ्यात मोठी आयगेन व्हॅल्यू पण १ च्या खाली, आणि सिस्टीम स्टेबल. कॅल्क्युलेटर पण लागत नाही. एखादी ओळ १ च्या वर गेली तर लगेच हार मानू नका, आयगेन व्हॅल्यू खरीच काढून बघा, बऱ्याचदा तरी पण १ च्या आत निघते. ह्याचा खरा फायदा म्हणजे कुठला बाण कमजोर केला तर काम होईल ते ओळीवर बोट ठेवून दिसतं.

पायरी ९: पाइप आणि कालवा, म्हणजे डिले

डिले असला की साधी आयगेन व्हॅल्यू पुरत नाही. लेव्हलला नुसता प्रपोर्शनल कंट्रोलर (गेन के) आणि मापन किंवा पाणी यायला लागणारा वेळ टाऊ, तर अट आहे के × टाऊ हे १.५७ पेक्षा कमी (पाय भागिले २). घटप्रभेसारख्या मोठ्या प्रकल्पांच्या कालव्यांचा विचार करा. समजा २.५ मीटर खोल पाणी, तर लाट साधारण ५ मीटर प्रति सेकंदानं सरकते, ५ किलोमीटरवरच्या गेटपर्यंत बदल पोचायला १७ मिनिटं. मग के ०.०९ प्रति मिनिटाच्या वर नेला की झुलायला लागणारच, कंट्रोलर कुठल्याही कंपनीचा आणा. आणि कालव्यात एकामागं एक गेट असतात, प्रत्येकाचा डिले वरच्याला त्रास देतो, म्हणून १.५७ च्या काठावर राहायचं नाही, निम्म्याच्या पण आत राहा.

पीएलसीवर (ठरावीक वेळानं चालणारा कारखान्यातला कंट्रोल संगणक) असेल तर अजून एक, टाकीला दर टी वेळानं व्हॉल्व्ह हलवला तर गुणक १ − के × टी होतो, त्याची किंमत चिन्ह सोडून १ च्या आत पाहिजे, म्हणजे के × टी २ पेक्षा कमी. सॅम्पल सिस्टीमला डावा अर्धा नाही, १ त्रिज्येच्या वर्तुळाचा आतला भाग बघायचा, ह्यात गल्लत करणारे खूप आहेत.

पायरी १०: स्टेबल आहे पण टाकी ओसंडली

आयगेन व्हॅल्यू सांगतात ते शेवटी काय होणार. मधल्या काळाचं त्या बोलत नाहीत. ओळी −१, १० आणि ०, −२ असा मॅट्रिक्स घ्या. मुळं −१ आणि −२, लूप पण नाही, पायरी ३ प्रमाणं एकदम सेफ. दुसरी लेव्हल १ एककानं वर ठेवून सोडा, पहिली शून्यावर. पहिली वाढत वाढत ०.६९ मिनिटाला २.५ वर जाते आणि मग उतरते. वर अडीच पट जागा नसेल तर रस बाहेर, आणि गणित म्हणतंय स्टेबल. तेव्हा आयगेन व्हॅल्यू काढून झालं की एकदा सिम्युलेशन चालवून सगळ्यात उंच टोक बघाच.

पायरी ११: प्लांटवर

आता परत त्या दोन लूपकडं, हातात कंट्रोलर घेऊन.

लेव्हलला पीआय (प्रपोर्शनल अधिक इंटिग्रल, गेन के आणि इंटिग्रलची वेळ टीआय) लावला असेल तर हंटिंग दिसल्यावर गेन कमी करायचा हा हात आपोआप जातो, आणि तिथंच बिघडतं. टाकी अधिक पीआय ह्याचं समीकरण एस² + के एस + के भागिले टीआय, त्याचं डॅम्पिंग म्हणजे अर्धं गुणिले के × टीआय चं वर्गमूळ. के = १, टीआय = १ मिनिट असताना ०.५. गेन पाव केला तर ०.२५, म्हणजे अजून जास्त झुलणार, फक्त सावकाश. अजून कमी केला तर अजून वाईट. टीआय वाढवा, के × टीआय ४ च्या आसपास आणा, डॅम्पिंग १ होतं. कितीतरी लेव्हल लूप एवढ्यानंच शांत होतात आणि जोडणीवर उगाच आळ आला होता असं निघतं. म्हणून हे आधी करा, मग जोडणीकडं बघा.

तरी थांबत नसेल तर दोन्ही लूपचा वेग वेगळा करा. जो महत्त्वाचा तो जलद, दुसरा त्याच्यापेक्षा निदान चार-पाच पट मंद. दोघंही एकाच फेऱ्यानं झुलत असतील तर ते एकमेकांना झोका देत राहतात, वेग वेगळे केले की एकाला दुसरा जवळजवळ स्थिर वाटतो.

प्रेशर-फ्लो, तापमान-प्रेशर अशा जोडीत (शुद्ध टाकी नसलेल्या) कुठला व्हॉल्व्ह कुठल्या मापनाला द्यायचा ते ब्रिस्टल नावाच्या इंजिनिअरच्या १९६६ च्या रिलेटिव्ह गेननं (लॅम्डा) बघा. चार स्टेप टेस्ट पण नाही, दोनच लागतात. एक व्हॉल्व्ह दोन-तीन टक्के हलवा, दोन्ही मापनं किती बदलली लिहा, मग दुसरा. व्हॉल्व्हचा स्वतःच्या मापनावरचा गेन सरळ, दुसऱ्याच्या मापनावरचा आडवा. लॅम्डा = १ भागिले (१ − आडव्या गेनांचा गुणाकार भागिले सरळ गेनांचा गुणाकार). सरळ २ आणि १, आडवे १ आणि १ असतील तर लॅम्डा २, म्हणजे दुसरा लूप ऑटोला गेला की तुमच्या व्हॉल्व्हचा परिणाम निम्मा होतो, लूप सुस्त वाटेल. लॅम्डा ०.५ असेल तर उलट, परिणाम दुप्पट, मॅन्युअलमध्ये छान ट्यून केलेला लूप दुसऱ्याच्या ऑटोनं तापतो. सरळ १ आणि १, आडवे २ आणि १ असतील तर लॅम्डा −१, तिथं जोडी बदला. ऋण लॅम्डावर दोन्हीकडं इंटिग्रल लावून जर सगळं स्टेबल दिसत असेलच, तर कुठला तरी एक लूप मॅन्युअलला टाकल्यावर तरी ते फुटणार, आणि ऑपरेटर रात्रपाळीत कुठला तरी लूप मॅन्युअलला टाकतोच.

चालू करताना दोन्ही एकदम ऑटोला देऊ नका. आधी जलद लूप, त्याला दोन टक्के सेटपॉइंट स्टेप, ट्रेंड शांत होऊ द्या. मग मंद लूप ऑटोला, आणि आता स्टेप जलद लूपला देऊन मंद लूपचा ट्रेंड बघा, मग उलट. व्हॉल्व्हच्या आउटपुटचा ट्रेंड पण लावा, मापनाचा एकटा नको, कारण व्हॉल्व्ह अडकत असेल तर फ्लोसारख्या लूपला मापन चौकोनी आणि आउटपुट त्रिकोणी दिसतं, लेव्हलला मापनच त्रिकोणी, आणि त्या हंटिंगला कुठलाही मॅट्रिक्स कामाला येत नाही, तिथं पॅकिंग आणि पोझिशनर बघायचा. व्हॅक्यूम पडलं, बॉयलरचं प्रेशर हललं की बिंदू बदलतो, तेव्हा ही स्टेप पूर्ण क्रशिंगला एकदा आणि कमी क्रशिंगला एकदा द्या आणि दोन्ही वेळचे के, टीआय पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा.